धुकं, धूळ की धूर? उपग्रहचित्रांवरून माग काढायची पद्धत

२३ जानेवारी २०२२, रविवार. सकाळी ठाण्यातल्या आमच्या खिडकीतून समोरची इमारत पुसट दिसत होती. जानेवारीतलं धुकं उन्हं वर आली की विरतं, हे दुपार झाली तरी विरेना. स्कूटर काढायला खाली गेलो तर काळ्या सीटवर पांढुरका थर. त्यावर बोट फिरवलं तर पावडरीसारखं चिकटलं, आणि दोन बोटांत चोळलं तर किंचित करकरलं. ओल्या फडक्याने पुसल्यावर फडक्यावर मातकट डाग उतरला.

आईला दमा आहे. खिडक्या लावायच्या की उघडायच्या, हा त्या दिवशी आमच्या घरातला खरा प्रश्न होता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी म्हणत होतं धुकं आहे, कुणी म्हणत होतं कचराभूमी पेटली, कुणी शेजारच्या बांधकामाला दोष देत होतं. हवामान खात्याचा खुलासा असा होता की पाकिस्तानकडून, कराचीच्या बाजूने सौराष्ट्रमार्गे आलेल्या वाऱ्यांनी धूळ आणली आहे. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा उपग्रहचित्रं उघडून बसलो. तेव्हापासून हिवाळा-उन्हाळ्यात हा शोध मी सातत्याने घेत आलो आहे, आणि ज्याच्या घरात दम्याचं माणूस आहे किंवा ज्याच्या गावाला डोंगर लागून आहे, त्या प्रत्येकाला हे जमायला हवं असं मला मनापासून वाटतं. सगळं फुकट आहे. मोबाइलवर चालतं, संगणकावर जास्त सोयीचं पडतं.

आधी एक अट सांगून ठेवतो. एका चित्रावरून निकाल द्यायचा नाही. रंग, वेळ, वारा आणि जमिनीवरचं मोजमाप हे चार साक्षीदार आहेत. चारही एकच गोष्ट सांगायला लागले की मगच बोलायचं.

पहिली पायरी: उपग्रह कधी येतो ते समजून घ्या

आपल्या कामाचे उपग्रह दोन जातीचे. एक ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरणारे: नासाचे टेरा आणि ॲक्वा, त्यानंतरचे सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१. हे जवळून, म्हणजे सातशे-आठशे किलोमीटरवरून बघतात, म्हणून चित्र बारीक येतं. पण एका जागेवरून दिवसा एकदा आणि रात्री एकदाच जातात. शेवटचे तिघे आपल्याकडे दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास येतात. टेरा सकाळचा. त्याची कक्षा आता सरकली असल्याने तो पूर्वीच्या साडेदहाच्याही आधी येतो.

दुसरे भूस्थिर, ३६ हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी टक लावून बसलेले. आपले इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस, तसंच हिंदी महासागरावरचा युरोपचा मेटिओसॅट. यांचं चित्र भरड असतं, पण पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात नवं येतं. धूळ कुठे आहे हे पहिल्या जातीला विचारायचं, ती कुठे निघाली आहे हे दुसऱ्या जातीला.

घड्याळाचा घोळ इथेच मिटवून टाका. या संकेतस्थळांवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. रात्रीच्या चित्रात तारीखही फसवते: आपल्या २४ तारखेच्या पहाटे दीड वाजता घेतलेलं चित्र तिथे २३ तारखेच्या रात्री आठच्या नावाने नोंदलेलं असतं. मी सुरुवातीला या चुकीपायी एका वणव्याची तारीखच एक दिवस मागे धरून बसलो होतो.

दुसरी पायरी: डोळ्यांना दिसेल तसं चित्र

ब्राउझरमध्ये ‘नासा वर्ल्डव्ह्यू’ शोधा. उघडल्यावर जगाचा नकाशा आणि त्यावर आजचं चित्र येतं. खालच्या पट्टीत तारीख बदलता येते. २२ जानेवारी २०२२ टाका. डावीकडच्या यादीत ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर’ नावाचे थर असतात. त्यांतला सुओमी एनपीपी किंवा नोआ-२० चा थर चालू करा. मग नकाशा एवढा लहान करा की एका बाजूला ओमानचं आखात आणि दुसऱ्या बाजूला नागपूर दिसेल. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, थेट आपल्या शहरावर जाऊन थांबतो. धुळीला आकार असतो, आणि तो लांबूनच दिसतो.

आता २१ पासून २४ पर्यंत एकेक दिवस पुढे सरका. सिंध-मकरानच्या किनाऱ्यापासून समुद्रावर उतरलेला मातकट पट्टा शोधा आणि तो रोज कुठे सरकतो ते बघा. समुद्राची पार्श्वभूमी गडद असते, म्हणून पाण्यावरची धूळ चटकन उठून दिसते. तीच धूळ कच्छच्या रणावर किंवा राजस्थानच्या वाळूवर आली की मातीत माती मिसळून जाते आणि डोळ्याला लागत नाही. जमिनीवर दिसली नाही म्हणजे तिथे नव्हती, असं म्हणू नका.

रंगांची ओळख सरावाने होते, तरी माझी ढोबळ खूण सांगतो. धूळ फिकट तपकिरी, कधी पिवळसर, आणि तिची कड वाऱ्याच्या दिशेने लांबत गेलेली. धूर निळसर-राखाडी, आणि वाऱ्याकडच्या टोकाला मागे जात गेलं की तो निमुळता होत एका ठिपक्याशी पोचतो. धूर कुठून तरी निघालेला असतो, धूळ मैलोन् मैल उठलेली असते. धुकं दाट पांढरं आणि साईसारखं गुळगुळीत. उत्तरेत ते गंगेच्या मैदानात भरतं आणि हिमालयाच्या पायथ्याशी कापल्यासारखं थांबतं, आपल्याकडे नदीखोऱ्यांत साचतं. ढगाला पोत असतो, आणि सकाळच्या चित्रात त्याची सावली पडलेली दिसते.

दोन फसवणुका हमखास होतात. अरबी समुद्रावर कधी कधी चंदेरी-राखाडी रुंद पट्टा दिसतो. ते सूर्याचं पाण्यावरून परतलेलं ऊन. उपग्रहाच्या एकाच फेरीच्या मध्यावर ते येतं, आणि टेराचं चित्र लावलं की जागा बदलतं. धूळ एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना अशी उडी मारत नाही. दुसरी फसवणूक ढगांची. जानेवारी २०२२ मधल्या त्या दिवसांत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी ढग-पावसाची प्रणाली) होता, म्हणजे धुळीच्या जोडीला ढगही होते. ढगाखाली काय चाललं आहे ते या चित्रात कळत नाही, तिथे पुढच्या पायऱ्या लागतात.

तिसरी पायरी: धूळ आणि धूर वेगळे करा

वर्ल्डव्ह्यूमध्येच ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’ हा थर मिळतो. हवेतल्या कणांनी प्रकाश किती अडवला त्याचं हे माप. ०.१ म्हणजे स्वच्छ आभाळ. १ म्हणजे सूर्य डोक्यावर असतानासुद्धा थेट येणाऱ्या उजेडातला जेमतेम ३७ टक्के खाली पोचतो. ढग असतील तिथे हा थर रिकामा राहतो. रिकामी जागा म्हणजे स्वच्छ हवा असं वाचू नका.

हे माप कण किती ते सांगतं, कसले ते सांगत नाही. त्यासाठी ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. युरोपच्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण अतिनील किरणांवरून ‘एरोसोल इंडेक्स’ काढतं. धूळ आणि धूर दोन्ही अतिनील किरणं शोषतात, म्हणून दोन्हींत तो आकडा वर चढतो. आणि खाली ढग असला तरी त्यावरून वाहणारी धूळ यात सापडते. जमिनीलगतची धूळ मात्र यात कमी दिसते, कारण थर जितका उंच तितका आकडा मोठा.

मग त्याच दिवसाचा, त्याच उपकरणाचा कार्बन मोनॉक्साइडचा थर लावा. ही माझी सगळ्यांत आवडती कसोटी आहे. काही जळल्याशिवाय हा वायू एवढा वाढत नाही. एरोसोल इंडेक्स चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइडही चढलेला, तर धूर. इंडेक्स चढलेला पण कार्बन मोनॉक्साइड शांत, तर धूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरयाणात भाताची पराळी जळते तेव्हाचे दिवस आणि मे महिन्यातल्या राजस्थानी आंधीचे दिवस शेजारी शेजारी लावून बघा. एकदा बघितलं की डोळा तयार होतो. मोठ्या शहरांवर आणि कोळशाच्या पट्ट्यांवर हा वायू बारमाही थोडा चढलेला असतो, म्हणून आदल्या आठवड्याशी ताडून बघायचं.

चौथी पायरी: तिची चाल पकडा

दुपारी दीडच्या चित्रात धूळ द्वारकेच्या पश्चिमेला आहे, एवढ्याने मुंबईकराला काही कळत नाही. इथे भूस्थिर उपग्रह लागतात. इन्सॅटची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या अहमदाबाद केंद्राच्या ‘मॉसडॅक’वर मिळतात. धुळीसाठी मी मात्र युरोपच्या ‘युमेटव्ह्यू’वर जाऊन हिंदी महासागरावरच्या मेटिओसॅटचा ‘डस्ट आरजीबी’ लावतो.

त्या चित्रातले रंग खरे नसतात. वाळूतल्या सिलिकाचा एक गुण असा की ती साधारण १०.८ मायक्रॉनची अवरक्त किरणं १२ मायक्रॉनच्या किरणांपेक्षा जास्त शोषते. बर्फाच्या ढगाचं नेमकं उलटं असतं. हा फरक लाल रंगात बसवलेला असल्याने धूळ गुलाबी-जांभळी होऊन उठते, जाड उंच ढग तांबूस-तपकिरी दिसतात आणि पातळ उंच ढग जवळपास काळे. हे सगळं उष्णतेच्या किरणांवर चालतं, म्हणून मध्यरात्रीसुद्धा धूळ दिसते. २२ च्या दुपारपासून २३ च्या दुपारपर्यंतची रात्र ट्रू कलरमध्ये गायब असते. ती इथे भरून काढता येते. ढगाखालची धूळ इथेही लपते, आणि दमट हवेतला पातळ, जमिनीलगतचा थर फारसा गुलाबी होत नाही.

चाल पकडली की साधा हिशोब मांडा. कराची ते मुंबई सरळ अंतर साधारण ८८० किलोमीटर. वारा ताशी ४० किलोमीटरचा धरला तर २२ तास. म्हणजे २२ तारखेच्या दुपारी तिथून निघालेली धूळ २३ च्या दुपारच्या सुमारास इथे यायला काळाचं गणित बसतं. मी हे गणित कागदावर केलं तेव्हा स्कूटरवरचा तो थर पहिल्यांदा मला नीट समजला.

पाचवी पायरी: वाऱ्याला उलटं विचारा

अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं ‘हायस्प्लिट’ नावाचं साधन आहे. हवेचा एखादा पुंजका आज इथे आहे तर तो काल-परवा कुठे होता, हे ते नोंदवलेल्या वाऱ्यांवरून काढून देतं. ‘रेडी’ संकेतस्थळावर जाऊन जुन्या तारखांसाठीचा पर्याय निवडा. जागा: उत्तर अक्षांश १९.०८, पूर्व रेखांश ७२.८८, म्हणजे मुंबई. दिशा मागे जाणारी. वेळ २३ जानेवारी, जागतिक वेळेचे ६, म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. कालावधी ७२ तास. उंची एक न टाकता तीन टाका: ५००, १००० आणि १५०० मीटर.

तीन रेषा येतील. तिन्ही एकाच प्रदेशातून आल्या तर साक्ष पक्की. एक वायव्येकडून, एक दख्खनवरून आणि एक समुद्रावरून आली तर साक्ष कच्ची, आणि तसं मान्य करायचं. या रेषा कोरीव दिसतात म्हणून त्यांवर फार भिस्त ठेवू नका. प्रवासाच्या अंतराच्या १५ ते ३० टक्के चूक त्यांत धरावी असं नोआच सांगते. हजार किलोमीटरच्या प्रवासात ती दीडशे ते तीनशे किलोमीटर झाली. रेषा नेमक्या कराचीवरून गेली की थोडी बाजूने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: खाली उतरा

उपग्रह वरून खालपर्यंतचा हवेचा सगळा खांब एकत्र बघतो. आपण श्वास घेतो तो त्यातल्या तळाच्या दोन मीटरांत. वर दोन किलोमीटरवरून धूळ निघून गेली तर आभाळ पांढुरकं दिसतं आणि आईला काही होत नाही. तीच खाली बसली तर रात्री पंप काढावा लागतो. थराची उंची लेझरने मोजणारे उपग्रह आहेत, पूर्वी कॅलिप्सो होता आणि मे २०२४ मध्ये अर्थकेअर सोडला गेला, पण त्यांचा मार्ग रेषेसारखा अरुंद असल्याने नेमका आपल्या दिवशी आपल्या शहरावरून जाण्याची शक्यता थोडी.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप किंवा संकेतस्थळ उघडा आणि जवळच्या केंद्राचे पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) हे दोन आकडे तासातासाने बघा. धुळीचे कण जाडे, म्हणून पीएम १० उसळी मारतं आणि पीएम २.५ त्यामानाने मागे राहतं. धुराचे कण बारीक. त्यात पीएम २.५ हाच मोठा वाटा असतो. देशाचं २४ तासांचं मानक पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वर ठळक दाखवलेला हवेचा निर्देशांक बघून निर्णय घेऊ नका, तो २४ तासांच्या सरासरीवर चालतो. धूळ सकाळी आठला आली तर तो दुपारपर्यंत झोपलेला असतो, आणि धूळ निघून गेली तरी दुसऱ्या दिवशी घाबरवत राहतो.

एकच केंद्र वर गेलं आणि बाकीची शांत असली तर कारण तिथेच जवळपास शोधा. पालघरपासून पुण्यापर्यंतची केंद्रं काही तासांच्या अंतराने ओळीने चढली तर पाहुणा बाहेरून आला आहे.

वणव्याचा धूर असेल तर

धुराच्या बाबतीत मूळ शोधणं सोपं, कारण आग स्वतः दिसते. ‘नासा फर्म्स’ या नकाशावर उपग्रहांना सापडलेली उष्ण ठिकाणं लाल ठिपक्यांनी येतात, साधारण तीन तासांच्या आत. सरावासाठी मार्च २०२३ मधला गोवा घ्या. त्या वर्षी फेब्रुवारीतलं देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनचं सर्वांत जास्त होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे भडकले आणि विझवायला हवाई दल-नौदलाची हेलिकॉप्टरं लागली. फर्म्समध्ये ५ मार्च २०२३ पासूनचे दहा दिवस आणि ‘व्हिअर्स’ (सुओमी एनपीपी आणि नोआ उपग्रहांवरचं उपकरण) हा पर्याय निवडा.

ठिपक्यावर टिचकी मारली की वेळ, खात्रीची पातळी आणि आगीची धग मेगावॉटमध्ये दिसते. ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य. आग त्या चौकोनात कुठेही असेल, म्हणून ठिपक्यावरून कुणाच्या काजूच्या बागेकडे बोट दाखवू नका. सगळे ठिपके वणव्याचेही नसतात. पोलाद कारखाने तिथेच रोज पेटलेले दिसतात, आणि मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात दिसणारा ठिपका बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जळणाऱ्या वायूचा. महिनाभराचे ठिपके एकत्र लावले की एकाच जागी गच्च बसलेले हे कायमचे रहिवासी ओळखू येतात. फेब्रुवारीनंतर कोकणात राबाची भाजणी, घाटावर उसाचं पाचट आणि विदर्भात मोहफुलं वेचायच्या वेळी झाडाखालचा पाला जाळणं, हे सगळंही याच नकाशावर येतं.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं नाही. सह्याद्रीच्या कड्यावरचं वाळलेलं गवत संध्याकाळी सहाला पेटतं आणि रात्री दहापर्यंत राख होतं. दीडचा उपग्रह येईतो काही उरलेलं नसतं. दाट झाडीखाली पाल्यातून सरपटणारी आग छताआड लपते. पंजाबच्या पराळीत तर हा मोठाच प्रश्न झाला. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं लावून दाखवलं की जाळण्याची वेळ दुपारच्या फेरीनंतर सरकली आहे. ठिपके घटले, हवेतला धूर घटला नाही. आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी धुराला साक्षीला बोलवा, हे मी त्यातून शिकलो.

आग विझल्यावर किती जळलं ते सेंटिनेल-२ दाखवतो. तो पाच दिवसांनी येतो, पण खूप बारीक बघतो. कोपर्निकस ब्राउझरमध्ये ‘शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड’ची रंगजोडणी निवडा, म्हादईवर या, आगीआधीचं आणि नंतरचं निरभ्र चित्र शेजारी लावा. जिवंत रान हिरवं, जळालेलं गडद तपकिरी. जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) नीट साफ केलेली असेल तिथे डाग अनेकदा सरळ रेषेत थांबलेला सापडतो. तो थांबलेला डाग बघताना उन्हात गवत कापत फिरलेली वनमजूर माणसं मला डोळ्यांपुढे दिसतात.

वहीत काय लिहायचं, ग्रुपवर काय टाकायचं

मी प्रत्येक घटनेची अर्धं पान नोंद ठेवतो: उपग्रहाचं नाव, आपल्या वेळेतली वेळ, रंग आणि आकार, एरोसोल इंडेक्स आणि कार्बन मोनॉक्साइड, वाऱ्याच्या तीन रेषा, जवळच्या दोन केंद्रांचे पीएम १० आणि पीएम २.५, आणि शेवटी घरात काय केलं. २३ जानेवारीच्या पानावर शेवटची ओळ आहे: ‘खिडक्या बंद, केर न काढता ओल्या फडक्याने पुसलं, आईची फेरी बंद.’

ग्रुपवर चित्र टाकताना तारीख, वेळ आणि उपग्रहाचं नाव चित्रावरच लिहा. दोन वर्षांपूर्वीचं धुळीचं चित्र आजचं म्हणून फिरलेलं मी पाहिलं आहे. खात्री नसेल तर ‘दोन साक्षी जुळल्या, दोन बाकी’ एवढंच लिहा.

गाव डोंगराला लागून असेल तर आणखी दोन कामं आजच करा. फर्म्सवर आपल्या भागाची चौकट आखून ईमेलची सूचना लावा, आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर वणव्याच्या एसएमएससाठी नाव नोंदवा; ती सोय सर्वांसाठी खुली आहे. आणि महाराष्ट्रात डोळ्यासमोर डोंगर पेटलेला दिसला तर नकाशा उघडत बसू नका, वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि ओढा, कडा, पाणवठा यांतली जवळची खूण सांगा. वनरक्षकाला अक्षांशापेक्षा तीच लवकर सापडते.